मॉरिशसची वाकडी वाट

मॉरिशस मुंबईच्या खाली आहे. नकाशात मुंबईवर बोट ठेवायचं, सरळ खाली सरकवत विषुववृत्त ओलांडायचं, जरा डाव्या हाताला कलायचं. मादागास्कर दिसलं की थांबायचं आणि त्याच्या उजवीकडच्या पाण्यात नीट निरखून बघायचं. अंतर साधारण ४७०० किलोमीटर, थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास. इतकं सोपं आहे.

पण तिकिटांच्या साइटवर ‘सर्वांत स्वस्त’ असं एक बटण असतं. ते दाबलं की विमान दुबईला जातं. दुबई मुंबईच्या वायव्येला, म्हणजे मॉरिशस जिकडे आहे त्याहून अगदी वेगळ्या अंगाला. तिथून मॉरिशस पाच हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे तीन तास पट्टा बांधून बसून, एक जेवण जेवून, अर्धा सिनेमा बघून आपण उतरतो, तेव्हा मॉरिशसपासून घरी होतो त्यापेक्षा तीन-चारशे किलोमीटर लांब गेलेलो असतो. आणि एवढं करून पैसे कमी. रिक्षावाल्याने आपल्याला कोथरूडहून स्वारगेटला हिंजवडीमार्गे नेलं असतं तर आपण मीटरवर हात मारून भांडलो असतो. विमानवाल्यांच्या बाबतीत मात्र ‘चांगली डील मिळाली’ म्हणून आपण चार घरी सांगतो.

आमच्या घरात बेट ठरायला एक संध्याकाळ पुरली. विमान ठरायला मे महिना सरला. मुलगा आणि सून थेट विमानाच्या बाजूचे. दोघांच्या रजा मोजून मिळालेल्या, त्यातला एक दिवसही विमानतळावर घालवायची त्यांची तयारी नव्हती. नातीचे कान विमान उतरताना दुखतात, मग दोनदा कशाला उतरवायचं, हाही मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. आमचे हे दुबईच्या बाजूचे. आधी मला वाटलं पैशासाठी. मग लक्षात आलं, हे मिरजेचे आहेत.

मिरजेचं रेल्वे स्टेशन ज्यांनी जुन्या दिवसांत पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. इथे तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्या-मुंबईकडून ब्रॉडगेजने यायचं, उतरायचं, आणि बेळगाव, लोंढा, वास्कोकडे जायला मीटरगेजची गाडी पकडायची. पंढरपूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज आणखी तिसरीच. गोव्याला निघालेलं अख्खं बिऱ्हाड मिरजेला खाली उतरायचं. होल्डॉल, ट्रंका, फिरकीचा तांब्या, आणि त्यांच्या राखणीला बसवलेली एक आत्या. पुढची गाडी कधी येणार हे हमालाला स्टेशनमास्तरपेक्षा नेमकं ठाऊक असायचं. यांचं लहानपण त्या फलाटावरचा हा तमाशा बघण्यात गेलं. जो माणूस थंडीत मध्यरात्री ट्रंकेवर बसून मीटरगेजच्या गाडीची वाट बघत बटाटेवडा खाऊन वाढला, त्याला दुबईच्या गार हवेत सरकत्या पट्ट्यावरून चालायची भीती काय घालणार? “गाडी बदलली की पाय मोकळे होतात,” एवढंच हे म्हणाले. गुडघ्यांचा विचार केला तर त्यांचंही खोटं नव्हतं. शिवाय दोन विमानं म्हणजे दोन जेवणं. शाकाहारी जेवण आधी सांगून ठेवलं की ते सगळ्यांच्या आधी हातात येतं. शेजारचे बघत असताना आपलं जेवून झालेलं असतं, आणि हे सुख एकाऐवजी दोनदा.

लांबचा रस्ता स्वस्त का, हे मला मुलाने समजावलं आणि ते मला पटलं, हे मी त्याला सांगितलं नाही. दुबईहून मॉरिशसला दुमजली ए-३८० जातं. त्यात पाचशेच्या आसपास माणसं बसतात. एकट्या दुबईतून मॉरिशसला सुट्टीवर निघालेली पाचशे माणसं रोज कुठून आणायची? म्हणून मुंबईची दहा, लंडनची चाळीस, मॉस्कोची वीस अशी गावोगावची माणसं गोळा करून ते विमान भरायचं. या माणसांना दुबईला थांबण्याची हौस नसते. त्यांना वळवायचं तर भाव पाडावा लागतो. थेट विमानाला ही विनवणी करावी लागत नाही. ते आठवड्यातल्या ठरावीक दिवशी निघतं, आणि ज्याला वेळ वाचवायचाय तो पैसे मोजेल याची त्याला खात्री असते. तिकिटाचा भाव किलोमीटरवर ठरत नाही, आपल्या अडचणीवर ठरतो. एसटीत टप्पे मोजून तिकीट काढणाऱ्या आपल्या पिढीला हे पचायला जरा जड जातं.

तसं पाहिलं तर पूर्वी थांबावं की नाही हे कुणी विचारतच नव्हतं. विमानालाच दम लागायचा. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ‘मलबार प्रिन्सेस’ त्याचं नाव. ते कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं, मग लंडनला पोचलं. अटलांटिक ओलांडणारी विमानं आयर्लंडमध्ये शॅनन विमानतळावर इंधन भरायला उतरत, आणि या ताटकळलेल्या प्रवाशांना काहीतरी विकावं म्हणून १९४७ मध्ये तिथे विमानतळावरचं जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान निघालं. आज दुबईला तासन्‌तास ज्या झगमगाटातून आपण फिरतो, अत्तराच्या बाटल्या मनगटावर फवारून, काही विकत न घेताच पुढे जातो, त्याचं मूळ एका आयरिश गावातल्या इंधनाच्या टाकीत आहे. पुढे विमानांच्या टाक्या मोठ्या झाल्या, थांबायची गरज संपली, दुकान मात्र राहिलं. आता दुकानासाठी थांबतात की काय, अशी शंका येते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची हकिगत याच सुमारास कानावर आली. त्यांनी आणखी थोडे वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती, मुंबई ते दुबई एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं. कागदावर मधे तीन तास होते. पहिल्या विमानाला उशीर झाला, त्यात ते तीन तास गेले. तिकीट एक असतं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीच्या अंगावर असतं. दोन तिकिटं म्हटल्यावर दुसऱ्या कंपनीच्या लेखी काका आलेच नाहीत. बॅगेची गंमत याहून वाईट. एका तिकिटावर बॅग मुंबईत टाकली की थेट मॉरिशसला मिळते. दोन तिकिटांवर ती दुबईच्या पट्ट्यावर येऊन फिरत राहते, पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि काकांकडे दुबईचा व्हिसा नाही. बॅग अमिरातीत आणि मालक अधांतरी. काकू हे सांगताना हसत होत्या, काका त्या वेळी बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते.

या सगळ्या वादात एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं, ती मीच बोलले. पुणेकराला मॉरिशसचं थेट विमान नाहीच. ते मुंबईकराला आहे. आपण कर्वेनगरहून टॅक्सीने निघणार, बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला असेल या धास्तीने चार तास आधी निघणार, द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलला उतरून पाय मोकळे करणार आणि मिसळ खाणार. हाच आपला पहिला ट्रान्झिट लाउंज, आणि त्याला बोर्डिंग पासही लागत नाही. तिकडेही तेच. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेयेला, आणि आम्ही बुक केलेलं हॉटेल ग्रॉं बे इथं, अगदी उत्तरेला. म्हणजे उतरल्यावर पुन्हा तास-सव्वातास गाडी. घरच्या दारापासून समुद्राच्या वाळूपर्यंत मोजलं तर थेट विमानाचे साडेसहा तास हा त्यातला जेमतेम अर्धा भाग.

याच समुद्रावरून एके काळी खरोखर थेट गेलेले लोक होते. १८३४ पासून ऊसमळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, मुंबई बंदरातूनही गलबतं सुटली, आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली कितीतरी माणसं होती. शिडाच्या जहाजात ते आठवडेच्या आठवडे काढत. पोर्ट लुईला ज्या पायऱ्या चढून ते बेटावर आले तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. त्या पायऱ्यांशी उभं राहिलं की दुबईला चार तास थांबावं लागलं ही तक्रार तोंडातून निघत नाही. त्यांच्या पणतवंडांपैकी बरेच जण आजही स्वतःला मराठी म्हणवतात, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. आपल्याकडच्या कित्येक कंपन्यांत ती मिळत नाही.

शेवटी आम्ही पोचलो. विमानतळाहून ग्रॉं बेला जाताना दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमचे हे खिडकीतून बघत होते. मिरज-सांगलीच्या माणसाने ऊस बघायला इतक्या लांब यावं आणि तो पाहून गाडी थांबवायला सांगावी, हे मला समजलं नाही. उतरून त्यांनी पेरं मोजली, जात कुठली असेल यावर ड्रायव्हरशी चर्चा केली. ड्रायव्हर फ्रेंच वळणाच्या क्रिओलमध्ये बोलत होता, हे मराठी वळणाच्या हिंदीत. उसाबद्दल दोघांचं एकमत झालं.

पोर्ट लुईच्या संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. नातीला तो बघायचाच होता. डोडो म्हणजे कबुतराच्याच कुळातला, आणि त्याचा आजचा सगळ्यांत जवळचा जिवंत नातलग कोण, तर निकोबारी कबुतर, आपल्या निकोबार बेटांचं. शास्त्रज्ञांचा कयास असा की डोडोचे पूर्वज बेटाबेटांवर मुक्काम करत करत पश्चिमेकडे आले असावेत. म्हणजे कनेक्टिंगच. मॉरिशसला पोचल्यावर खायला भरपूर, अंगावर धावून येणारं जनावर एकही नाही, तेव्हा पुढल्या पिढ्यांनी उडणंच सोडून दिलं. पंख आखडले, अंग सुटलं. मग माणूस जहाजातून आला, बरोबर उंदीर आणि डुकरं घेऊन आला, आणि सतराव्या शतकात डोडो संपला. नातीने विचारलं, “मग तो परत का नाही गेला?” “परतीचं तिकीट नव्हतं काढलं,” असं आजोबा म्हणाले. मला ते उत्तर अंगावर आलं, पण ती हसली.

आमचं परतीचं होतं. शेवटी तोडगा असा निघाला होता की जाताना दुबईवरून, येताना थेट. एकेरी तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची काढली, भाव दोन्ही पक्षांच्या मधोमध आला आणि घरात शांतता झाली. हे उलट करायचा प्रस्तावही होता, तो मी हाणून पाडला. जाताना माणूस काहीही सोसतो. दुबईला पहाटे लोखंडी खुर्चीत बसूनही सून नातीला समुद्राचे फोटो दाखवत होती, हे गेटच्या पाट्या मिरजेच्या फलाटावर वाचाव्यात तशा मन लावून वाचत होते, आणि मुलाने कॉफी आणि पाण्याच्या बाटल्यांना इतके दिरहम मोजले की तिकिटात वाचवलेल्यातला बराच भाग तिथेच वसूल झाला. येताना मात्र असं होत नाही. बॅगेत ओले पोहायचे कपडे असतात, सोमवारचं ऑफिस डोळ्यांपुढे असतं, आणि जगातलं कुठलंही ड्यूटी फ्री दुकान तेव्हा चमकत नाही. तेव्हा फक्त घर हवं असतं, आणि मधे कुणी थांबवलेलं खपत नाही.

तुम्ही निघणार असाल तर जाताना खुशाल वाकडी वाट करा. विमान बदलून जाणार असाल तर जातानाची दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आहेत ना, हे पैसे भरायच्या आधी बघा. मधला थांबा दोन तासांहून कमी घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. आणि परतीला थोडे पैसे जास्त गेले तरी थेट या.