ट्रेमोलोची घोडी: शिरोलीत करवून घेणाऱ्यांसाठी सूचना

इच्छुकाने सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावं की गिटारीवर ज्याला सगळे ट्रेमोलो म्हणतात तो ट्रेमोलो नव्हेच. आवाज लहान-मोठा होतो तो ट्रेमोलो. घोडीची दांडी दाबली की सूर उतरतो आणि सोडली की चढतो, तो व्हायब्राटो. लिओ फेंडर यांनी 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा नाव उलटं पडलं, आणि पुढे त्यांच्याच ॲम्प्लिफायरवरचं ‘व्हायब्राटो’ लिहिलेलं बटण खरा ट्रेमोलो करू लागलं. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. ही माहिती कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यांत जरूर पेरावी. तिथं वाजवणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याला मान जास्त.

कारखान्यात शिरताना मात्र गिटार दाखवू नये. ‘जॉब आहे’ एवढंच म्हणून ड्रॉइंग पुढे करावं. मी गिटार खांद्याला लावूनच गेलो आणि पाऊण तास चौकशीत गेला.

“ह्यो ठोकळा कशाला?”

“तारा ढिल्या करायला, मिस्त्री.”

“मग खुंट्या काय कराय लागल्यात?”

“तसं नाही. दांडी दाबली की सूर बिघडतो, आणि मागच्या स्प्रिंगा त्याला परत जाग्यावर आणतात.”

“परत आणायचाच हाय, तर बिघडवायचा कशाला?”

याला उत्तर नाही. विशेषतः पन्नासेक किलोमीटरवर मिरज असताना नाही. तिथल्या सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारिया पडद्यावर तार बोटाने आडवी ओढतो आणि चार-पाच सुरांची मींड काढतो. एक स्क्रू लागत नाही. अशा वेळी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं नाव घ्यावं. 1918 च्या सुमारास ज्या गावाने स्वतःचा सिनेमा-कॅमेरा बनवला, त्याला गिटारीची घोडी जड आहे काय, असं विचारलं की ड्रॉइंग आपोआप टेबलावर सरळ होतं.

आता निवड. ठोकळा म्हणजे घोडीच्या खाली लोंबणारा धातूचा तुकडा. सहा तारांच्या टोकाच्या गोळ्या त्याच्या पोटात अडकतात. मूळचा पोलादी होता, सत्तरच्या दशकात ओतीव जस्ताचा निघाला आणि तेव्हापासून जाणकार हळहळताहेत. शिरोलीत ओतकाम मागू नये. जिथं धातू टनावर वितळतो तिथं पाव किलोच्या एका नगासाठी कोणी साचा भरत नाही. ब्राइट बारचा उरलेला तुकडा मागावा. तो चहाच्या पैशात मिळतो, चहा मात्र सगळ्यांना पाजावा लागतो.

मापं देण्याआधी गिटारीच्या अंगाची जाडी मोजावी. ती स्ट्रॅटोकास्टरची पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस मिलिमीटर. स्वस्त गिटारी याहून बारीक असतात. मी मापं पुस्तकातली दिली आणि अंग माझ्या गिटारीचं. ठोकळा पाठीतून बाहेर आला, झाकण बसेना, आणि उभं राहून वाजवताना तो पट्ट्याच्या बक्कलला घासू लागला.

दुसरा सापळा स्क्रूंचा. सहा स्क्रू, मधे पाच फटी. जुन्या अमेरिकी पद्धतीत फट 11.2 मिलिमीटर, अनेक आशियाई गिटारींत 10.5. फरक पाऊण मिलिमीटरहून कमी, म्हणून माणूस सोडून देतो. पाच फटींत तोच साडेतीन मिलिमीटर होतो आणि सहावा स्क्रू लाकडात भलतीकडे शिरतो.

खरी गंमत आट्यांची. अमेरिकी दांडीला इंचाला 32 आटे, जाडी 4.83 मिलिमीटर. आपल्याकडचा एम-5 टॅप 0.8 पिचचा. 32 आट्यांचं पिच काढून पाहा: 0.79. म्हणजे दांडी एम-5 च्या भोकात खुशाल जाते, माणूस समाधानाने चहा घेतो, आणि वाजवायला बसल्यावर ती कवळीसारखी डुगडुगते. (अमेरिकी टॅप मागवून झाल्यावर कळलं की नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दोन वेढे दिली तरी भागतं.)

जोडणीत मिस्त्रीच्या स्वभावावर घाला येतो, याची मनाची तयारी ठेवावी. पुढचे सहा स्क्रू घट्ट आवळायचे नसतात. कडेचे दोन घोडीला जेमतेम टेकवायचे, मधले चार केसभर वर ठेवायचे, नाहीतर घोडी डुलत नाही. ज्याने जन्मभर स्क्रू आवळला त्याला तो ढिला सोडायला सांगणं म्हणजे पैलवानाला हरायला सांगण्यासारखं. मी चहाला वळलो तेवढ्यात सहाही आवळले गेले होते.

स्प्रिंगांचं मात्र त्यांना लगेच पटलं. सहा तारा मिळून पंचेचाळीसेक किलोने पुढे ओढतात, पाठीमागच्या तीन स्प्रिंगा तोल सांभाळतात. “खासबागेत बरोबरीत सुटल्याली कुस्ती,” मिस्त्री म्हणाले. त्यामुळे तारा बदलताना एक काढावी, एक घालावी. सगळ्या एकदम काढल्या की स्प्रिंगा घोडी आत ओढतात. आणि वाजवताना एक तुटली की उरलेल्या पाचही चढतात. एकाने दोर सोडल्यावर बाकीचे आपोआप ताणले जातात, हे सोसायटीची वर्गणी गोळा करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी चाचणी. दांडी दाबली, तारा लोंबल्या, दांडी सोडली, सूर परत आला. शेजारच्या लेथवरचे दोघं बघायला आले. मिस्त्रींनी ट्यूनरवर नजर ठेवून दांडी पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. काटा मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबला.

“दोन पॉइंट जास्त येतंय.”

मानेच्या टोकाच्या नटच्या खाचेत तार अडकते, तिथं शिसपेन्सिल घासली की जाईल, असं मी सांगत होतो. गायकाच्या कानालासुद्धा एवढं कळत नाही, असंही म्हणालो.

“कानाचं राहू दे. मापात नाही,” म्हणून त्यांनी गिटार उचलली आणि रिजेक्ट मालाच्या लाल ट्रेकडे निघाले. ट्रे दोन फुटांचा होता. गिटार मावली नाही, म्हणून वाचली.