सतरावा संस्कार

धर्मशास्त्राने माणसाला सोळा संस्कार नेमून दिले. त्यांतले पुंसवन, सीमंतोन्नयन वगैरे कधीच मागे पडले आणि बारसं, जावळ, मुंज, लग्न एवढेच मराठी घरात तग धरून राहिले. रिकाम्या झालेल्या जागा कोणीतरी भरायच्या असतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत पुणे-ठाणे-नाशिकच्या मध्यमवर्गाने ते काम चोख बजावलं आहे. मुलांना घेऊन केलेली परदेशवारी हा आपला सतरावा संस्कार. तिला सहल समजणारे तिच्या खर्चाने दचकतात, कारण सहलीचा बेत माणूस खिशाकडे बघून आखतो. संस्काराचं तसं नसतं. मुंजीचा मांडव घालताना ‘झेपेल का’ हा प्रश्न यादीत शेवटी येतो. आधी हॉल ठरतो, मग केटरर ठरतो, आणि मग पैसे कुठून आणायचे ते ठरतं. म्हणूनच सुट्ट्यांच्या तोंडावर पुरवण्यांतून ‘मुलांसह परदेश प्रवास कसा परवडेल’ अशा मथळ्याखाली जे सल्ले छापून येतात, ते मला अस्थानी वाटतात. तिकिटं सहा महिने आधी काढा, हॉटेल शहराबाहेरचं घ्या, दुपारचं जेवण किराणा दुकानातून आणा. हे म्हणजे मुंजीचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून मातृभोजनाला बटूला अर्धाच लाडू वाढण्यासारखं आहे.

संस्कार म्हटला की वय आणि मुहूर्त आले. मुंज आठव्या वर्षी. हे शास्त्र निदान सगळ्यांना ठाऊक आहे. विमान कंपन्यांचं शास्त्र त्याहून कडक आहे. दोन वर्षांखालचं मूल आईच्या मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं बहुतेक जुन्या कंपन्यांत मोठ्यांच्या सुमारे दहा टक्के असतं. दुसरा वाढदिवस झाला की त्याला स्वतःची खुर्ची घ्यावी लागते आणि तिचं भाडं आईबापांच्या भाड्याच्या आसपास जाऊन बसतं. वाढदिवस प्रवासाच्या मधल्या दिवसांत आला तर जाताना ओझं असलेलं बाळ परतताना रीतसर प्रवासी होतं. केक कापायचा आणि तिकीटही कापायचं. आपल्या एसटीने पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्धं तिकीट ठेवलं आहे. रेल्वेचं मन एवढं मोठं राहिलं नाही, २०१६च्या एप्रिलपासून त्याच वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. पण मांडीला मांडी लावून बसवलंत तर अर्ध्यावर अजूनही भागतं. म्हणजे वाहन जेवढं उंच जाईल तेवढं बालपण लवकर संपतं, असा हिशेब आहे. मुहूर्ताचं तर विचारूच नका. राज्यातल्या शाळांना मे महिना आणि दिवाळी एवढ्याच सलग सुट्ट्या, त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्राचा मुहूर्त एकाच पंधरवड्यात येतो आणि लग्नसराईत कार्यालयाचं भाडं चढावं तसं विमानाचं चढतं. इंग्लंडात शाळा बुडवून सहलीला नेलं तर दर पालकाला दर मुलामागे ऐंशी पौंड दंड होतो, तरी कित्येक जण दंड आणि स्वस्त तिकीट यांची बेरीज करून शाळाच बुडवतात. आपल्याकडे दंड नाही. पण चाचणी परीक्षा बुडवणं हे पातक दंडापलीकडचं आहे.

मग पत्रिका बघायची. स्थळाकडून म्हणजे वकिलातीकडून मागणी येते: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरीतून रजेचा दाखला, शाळेचं ना-हरकत पत्र आणि तीस हजार युरोंचा विमा. मुलगी दाखवताना घराला रंग द्यावा तसा इथे खात्याला रंग द्यावा लागतो. भावोजींकडून दोन लाख तीन महिन्यांसाठी येतात, खात्यात नुसते बसून राहतात आणि काम झाल्यावर पाहुण्यासारखे परत जातात. एवढं करून युरोपच्या शेंगेन व्हिसाची दक्षिणा २०२४च्या जूनपासून मोठ्या माणसाला नव्वद युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला पंचेचाळीस; सहाच्या आतलं मूल फुकट. ही दक्षिणा पत्रिका जुळली नाही तरी परत मिळत नाही. त्या एका वर्षात भारतातून शेंगेनसाठी सुमारे अकरा लाख अर्ज गेले आणि दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. एवढ्या लोकांनी स्वित्झर्लंड न बघता स्वित्झर्लंडसाठी पैसे मोजले. नकारपत्रावर कारण काय छापलेलं असतं, तर तुम्ही परत मायदेशी जाल याची खात्री वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर वीस वर्षांचं गृहकर्ज आहे आणि ज्याच्या मुलाचा क्लास जूनमध्ये सुरू होतो आहे, त्याच्याइतका परत येणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. पण हे कळायला त्या अधिकाऱ्याला एकदा डोंबिवलीत राहावं लागेल.

आपली नोकरदार जमात या संस्कारासाठी किती कष्ट घेते याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. प्रवास रजा सवलतीवर, म्हणजे एलटीसीवर, आयकर माफ असतो: चार वर्षांच्या गटात दोन प्रवास, आणि तेही भारतातल्या भारतात. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी ही अट बारकाईने वाचली आणि पाळलीही. दिल्लीहून निघाले, मदुराईला गेले, तिथून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि दिल्ली. मदुराई भारतात आहे, याबद्दल आयकर खात्याचंही दुमत नव्हतं. पण मीनाक्षीचं दर्शन घ्यायला सिंगापूरमार्गे परतण्याची गरज काय, हे काही न्यायालयाला पटेना. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागला की परदेशाला वळसा घालून केलेल्या प्रवासाला ही माफी नाही, आणि बँकेने आधीच कर कापायला हवा होता. निकाल कायद्याला धरून आहे, पण त्या प्रवासमार्गातली श्रद्धा मला थोर वाटते. काशीला निघालेला माणूस वाटेत नातेवाईक गाठतो तसं या मंडळींनी मलेशियाला निघताना वाटेत भारत गाठला होता.

सरकारचीही यजमानपदाची रीत बघण्यासारखी आहे. एके काळी परदेशी निघालेल्याच्या हातावर रिझर्व्ह बँक मोजून आठ डॉलर ठेवी. आज उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी दर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, आणि माणशी म्हणजे अक्षरशः माणशी. पाळण्यातल्या बाळालाही हा हक्क आहे, फॉर्मवर सही तेवढी पालकाची लागते. परदेशी टूर पॅकेजवर २०२०च्या ऑक्टोबरात पाच टक्के कर आगाऊ वसूल होऊ लागला. तीन वर्षांनी सात लाखांच्या पुढच्या रकमेवर तो वीस टक्के झाला, २०२५मध्ये मर्यादा दहा लाखांवर सरकली आणि २०२६च्या अर्थसंकल्पात सरसकट दोन टक्क्यांवर आला. हा कर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, म्हणजे सरकार आपले पैसे काही महिने सांभाळून देतं; भावोजी करतात तेच, फक्त उलट दिशेने. पण या सगळ्याहून मोठी क्रांती एका शब्दात झाली आहे, आणि तिच्याकडे कोशकारांचं अजून लक्ष गेलेलं नाही. ‘परवडणे’ या क्रियापदाचा अर्थ बदलला. पूर्वी परवडतं म्हणजे पैसे आहेत. आता परवडतं म्हणजे हप्ता बसतो. चौघांच्या युरोपसाठी सहा लाखांचं वैयक्तिक कर्ज चौदा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साडेवीस हजारांच्या आसपास हप्ता येतो आणि फेडताना एकूण सात लाख अडतीस हजार जातात. दहा दिवसांची सहल छत्तीस महिने चालते. एवढा मुक्काम तर सासरीही कोणी करत नाही. बिनव्याजी हप्ता अशीही एक चीज बाजारात मिळते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. पण श्रद्धेच्या प्रांतात परिपत्रकाला विचारतो कोण? ऋण काढून सण करू नये असं सांगणाऱ्यांनी सणच केला नाही तर ऋण फेडायला माणूस उठेल कशाला, याचा विचार केलेला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिक्षणाचा. प्रवासाने मूल बहुश्रुत होतं, जग बघतं, वेगळी माणसं बघतं. तत्त्व म्हणून हे शंभर टक्के खरं आहे. व्यवहारात मात्र मराठी मूल मराठी टूर मॅनेजरबरोबर, मराठी बसमध्ये, मराठी अंताक्षरी खेळत आल्प्सपर्यंत पोचतं आणि रात्री वरणभात जेवतं. टिटलिसच्या बर्फात शाहरुख आणि काजोलचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे. तिथे त्याचा फोटो निघतो. युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर रेल्वे स्टेशन कसं खोदलं, हे ऐकण्यासारखं असतं, पण त्याच वेळी मसाला चहाची रांग लागलेली असते. शिवाय तीन-साडेतीन वर्षांच्या आतलं माणसाला पुढे सहसा काही आठवत नाही, असं मानसशास्त्र सांगतं. म्हणजे ज्या वयात तिकीट स्वस्त त्या वयात स्मरण नाही, आणि स्मरण येतं तेव्हा भाडं पुरं लागलेलं असतं. पण संस्कारात स्मरणाची अपेक्षा असते कुठे? स्वतःचं बारसं कोणाला आठवतं? ते अल्बममध्ये असलं की झालं.

दुसरा आक्षेप जरा तिखट असतो: आमचे पैसे, आमची मुलं, तुमच्या पोटात का दुखतं? आमच्या आईबापांनी जन्मभर काटकसर केली आणि पन्हाळ्यापलीकडे काही बघितलं नाही, त्याचं तुम्हाला कौतुक. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि काटकसरीला सद्गुण म्हणण्याची घाई मी तरी करणार नाही; त्या पिढीला कर्ज देत कोण होतं? माझी तक्रार खर्चाबद्दल नाही, मुलाच्या नावाबद्दल आहे. ‘मुलांसाठी जातोय’ हे वाक्य प्रत्येक अर्जात, प्रत्येक हप्त्याच्या कागदात, शेजाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक माहितीत असतं. मुलाला विचारलं तर ते हॉटेलच्या तरणतलावातून बाहेर यायला तयार नसतं. मुंजीत बटूला भूक लागलेली असते आणि फोटो मात्र मामाचा निघतो, तसलाच हा प्रकार आहे. पूर्वी सुट्टीत मामाच्या गावाला जात. आता मामाच फ्रँकफर्टला असतो आणि त्याच्याकडे राहिलं तर हॉटेल वाचतं. मामाचंही घर दोन खोल्यांचंच असतं, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद लुळा पडतो, आणि प्रामाणिकपणे तो नोंदवायलाच हवा. लोक म्हणतात, बाबा रे, परदेश महाग आहे हे ठीक, पण मुलांना घेऊन इथे तरी जायचं कुठे? कोकणात जा, असं सांगणाऱ्याने मुंबई-गोवा महामार्गाचा इतिहास वाचावा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं २०२६मध्ये दहावीच्या वयाची झाली, आणि दहावीच्या वर्षी तर मराठी कुटुंब सोसायटीच्या फाटकाबाहेरही सहलीला जात नाही. म्हणजे एका अख्ख्या बालपणाला हा रस्ता पुरून उरला. थायलंडने २०२३च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला, पुढच्याच महिन्यात मलेशियाने केला. मुंबईहून बँकॉकला विमान साडेचार तासांच्या आसपास पोचतं. जोडसुट्टीच्या आदल्या रात्री ठाण्याहून निघालेली गाडी तेवढ्या वेळात माणगावच्या कोंडीत उभी असते, मागच्या सीटवरचं मूल चौथ्यांदा ‘आलं का?’ विचारतं, आणि पुढच्या सीटवरचा बाप स्टेअरिंगवर मोबाइल टेकवून हप्त्याचा हिशेब करत असतो.