कच्च्या रस्त्याचे पक्के भक्त

हल्ली पुण्यातल्या जोडप्यांना डांबराची ॲलर्जी झाली आहे. शनिवारी पहाटे ४५२ सीसीची हिमालयन काढायची, गुडघ्यांना ढाली बांधायच्या आणि वेल्ह्याच्या पुढे, मढे घाटाच्या बाजूला कुठेतरी मातीचा रस्ता हुडकायचा. निवांत सुट्टी म्हणे! १९६ किलोचं ते धूड मुरुमात घसरू नये म्हणून यजमानांचे दात आवळलेले, आणि मागे सौभाग्यवतींचा ‘सावकाश रे, सावकाश’ असा अखंड जप. तेवढ्यात जुन्या स्प्लेंडरवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागे काकू, टाकीवर नातू असा अख्खा संसार घेऊन स्लिपर घातलेले काका शीळ घालत पुढे निघून जातात. (हेल्मेटचं विचारू नका.) त्यांच्या ह्या रोजच्या फेरीला ‘ॲडव्हेंचर’ म्हणायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली. आपल्या वाडीचा नंबर कधी लागतो म्हणून लोक अर्जांवर अर्ज करत राहिले. आमचं जोडपं मात्र टपरीवर हळहळतं, ‘‘मागच्या वर्षी इथे काय सुंदर कच्चा रस्ता होता हो! डांबर टाकून पार वाट लावली.’’

टपरीवाला सहानुभूतीने मान डोलावतो आणि चहाचे दहाऐवजी वीस लावतो.