मागच्या भागात काय घडलं, ते विसरा

‘डलास’ ही टेक्सासमधल्या एका तेलवाल्या घराण्याची मालिका. 1985 मध्ये तिच्यातला बॉबी मेला, कारण नटच मालिका सोडून चालला होता. वर्षभराने नट परतला. मग लेखकांनी बॉबीला धडधाकट न्हाणीघरातून बाहेर काढलं आणि मधलं अख्खं वर्ष म्हणजे मालिकेची नायिका पॅम हिला पडलेलं स्वप्न, असं सांगून हात झटकले. प्रेक्षक अजून शिव्या घालतात. या कसबाला ‘रेटकॉन’ म्हणतात: पुढचं जमेना की मागचं बदलायचं.

टेक्सासच्याच दुसऱ्या तेलवाल्या घराण्यातले अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 2003 मध्ये हे कसब इराकमध्ये नेलं. सुरुवात झकास होती. 5 फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक इवलीशी कुपी उंचावून दाखवली. एवढ्याशा अँथ्रॅक्सने काय हाहाकार होतो, बघा! सभागृहाबाहेर पिकासोच्या ‘गेर्निका’ची प्रतिकृती असते, बॉम्बखाली चिरडलेली माणसं नि जनावरं. तिच्यावर त्या दिवसांत निळा पडदा टाकला होता. कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती म्हणे. नेपथ्य असं चोख हवं.

मार्चमध्ये युद्ध, एप्रिलमध्ये बगदाद खिशात, आणि ज्या संहारक शस्त्रांसाठी युद्ध, त्यांचा पत्ता नाही. कच्च्या लेखकाला घाम फुटला असता. इथे जानेवारी 2004 च्या भाषणात शस्त्रांच्या झाल्या ‘शस्त्र-कार्यक्रमांशी संबंधित हालचाली’. जेवायला बोलावून पानात श्रीखंडाऐवजी श्रीखंडाशी संबंधित हालचाली वाढाव्यात, तसं. पाठोपाठ कळलं की सैन्य मुळी गेलं होतं ते लोकशाही रुजवायला.

विमानवाहू नौकेवरचा ‘मोहीम फत्ते’ हा फलकही असाच. 1 मे 2003 ला त्याच्यापुढे बुश यांचं भाषण झालं. मोहीम काही संपेना, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते म्हणाले, फलक नाविकांनी लावला. तो करवून घेतला होता व्हाइट हाउसनेच. पण नाविकांची तशी इच्छा होती, हा खुलासा तयार होताच.

मार्च 2004 मध्ये पत्रकारांच्या मेजवानीत बुश यांनी स्वतःचे फोटो दाखवले. कार्यालयातल्या फर्निचरखाली वाकून शस्त्रं शोधताहेत! पहिला भाग ज्यांनी पानंच्या पानं छापला, त्या बिरादरीत हशा पिकला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने लिहून दिलं की साठे नव्हतेच.

नोव्हेंबरमध्ये मालिकेला आणखी चार वर्षांची मुदतवाढ मिळाली.