घनदाट जंगल, घरच्या घरी

१. आधी जंगल पाहून या. भर पावसात आंबोलीला जा, पायाच्या जळवा काढा, धुक्यात काहीच दिसलं नाही म्हणून भजी खा आणि परत या. चित्र मोबाइलमधल्या फोटोवरूनच काढायचं आहे.

२. तयार हिरव्याची ट्यूब बाजूला ठेवा. (महागाची होती? अरेरे.) हिरवा घरी करायचा: अल्ट्रामरीन, पिवळा, चिमूटभर बर्न्ट सिएना. पाच निरनिराळे हिरवे करा. त्यातले तीन सारखेच दिसतील.

३. कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला सिएना फासा. हिरव्याच्या फटींतून तो तांबूस डोकावला की पानं हलल्यासारखी वाटतात. तुटक रंग म्हणजे हाच. रंग घोटायचे नाहीत, ठिपके शेजारी-शेजारी ठेवायचे, मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर. नाही मिसळले तर नंबर त्याचा वाढलाय.

४. आता थांबा. तेलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस, जाड थराला महिने. तुम्ही थांबणार नाही. रात्री जेवण झाल्यावर ‘एकच फांदी’ म्हणून ब्रश उचलाल, खालचा सिएना उठेल, हिरव्यात कालवला जाईल, आणि ताज्या शेणाचा रंग मिळेल. तो निस्तरायला आणखी एक फांदी. मग आणखी एक. घाबरू नका, त्याला सावली म्हणा. जंगलात सावली लागतेच.

५. खालचे थर टर्पेंटाइनचे, वरचे तेलाचे. उलट केलंत तर भेगा पडतात. खोडावर त्या साल म्हणून खपतात. पडतात मात्र आभाळाला.

६. पानांतून दिसणारं आभाळ मोकळ्या आभाळाहून किंचित गडद ठेवा. पांढरं ठेवलंत तर झाडाला कापूस लागतो.

७. प्राणी मित्राकडून काढून घ्या. इवान शिश्किनच्या १८८९ च्या ‘पाइनच्या जंगलातली सकाळ’मधली अस्वलं कॉन्स्टँटिन सावित्स्कीची. त्याची सहीही होती. चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने ती पुसली. मित्राला हे आधी सांगू नका.

८. तुटक रंग दहा फुटांवरून बघायचा. वन रूम किचनमध्ये दहा फूट म्हणजे समोरच्या काकूंचा उंबरठा. त्यांना दार उघडायला सांगा. काकू डोळे किलकिले करतील, मान तिरकी करतील.

“कोथिंबीर छान आलीये हो.”

सही मित्राला करू द्या.