शिस्तपालन समितीला लाल कार्ड

कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी सांभाळला. जिथं मातीत कुस्त्या चालायच्या, त्याच तालमींनी संघ काढले. म्हणून आमच्या संघांच्या नावांत युनायटेड आणि सिटी नसतं, पाटाकडील तालीम असते, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा असते. शाहू स्टेडियमवर यांची गाठ पडली की लोक तिकीट काढून येतात आणि तिकिटाचे पैसे घशातून वसूल करतात. अशा गावात 'मैदानावर जरा सभ्यपणे वागा' असं सांगायला उभं राहणं म्हणजे तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीत उपासाचं माहात्म्य सांगण्यासारखं आहे.

ते काम माझ्याकडे आलं. आमच्या पेठेत चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा भरते. मुलं बिचारी फुटबॉल खेळतात. खरी मॅच त्यांच्या बापांची होते. गेल्या वर्षी एका पालकानं लाईनमनच्या हातातला झेंडा काढून घेतला आणि 'आता ऑफसाईड मी देतो' म्हणून उरलेला हाफ स्वतः पळाला. (निर्णय वाईट नव्हते, असं त्याच्या बाजूचे लोक अजून सांगतात.) यंदा पंच यायलाच तयार होईनात. तालमीच्या मीटिंगमध्ये नानांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"सर, तुम्ही वाचतासा. ह्ये तुम्हीच बघा."

मी सर वगैरे नाही. बँकेतून रिटायर झालोय. पण चष्मा आणि खिशाला पेन असलं की आमच्याकडे माणूस सर होतो. अशा रीतीनं मी शिस्तपालन समितीचा अध्यक्ष झालो. समितीत दुसरं कुणी यायला तयार नव्हतं, त्यामुळं सर्व ठराव एकमतानं मंजूर होऊ लागले.

वाचणारा म्हणून नेमल्यावर वाचणं आलं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 2008 साली 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम काढली होती. तिथंही पोरांच्या मॅचला आईबाप पंचांवर धावून जात, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांनी उपाय काढले ते साधेच: पंचांशी फक्त कॅप्टननं बोलायचं आणि प्रेक्षकांनी दोरीच्या मागं उभं राहायचं. मी लगेच पत्रक छापून घेतलं. 'पंचांचा निर्णय अंतिम. वाद घालू नये. चांगल्या कृतीला टाळ्या वाजवाव्यात, मग ती कुणाचीही असो.' शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं, आणि पुढं जे झालं ते त्याच वाक्यानं झालं.

आधी दोरीचं सांगतो. मांडववाल्याकडून जाडजूड दोरी आणली आणि टचलाईनपासून चांगली लांब, खुंट्या ठोकून बांधली. इंग्लंडमध्ये दोरी दिसली की माणूस तिच्या मागं थांबत असेल. आमच्याकडे दोरी म्हणजे गणपतीची मिरवणूक. दोरी दिसली की ती धरायची आणि पुढं सरकायचं, हे लहानपणापासून हातात बसलेलं. पहिल्या दहा मिनिटांत खुंट्या उपटल्या गेल्या. दोरीची शिस्त मात्र कुणी मोडली नाही. "दोरी सोडू नगासा रं!" असं एकमेकांना बजावत, दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरून, दोनशे माणसं अत्यंत शिस्तीत टचलाईनच्या आत आली. कॉर्नर घेणाऱ्या पोराला पळायला जागा राहिली नाही, तेव्हा त्यानं दोरीखालून वाकून कॉर्नर घेतला.

शिव्यांचं म्हणाल तर त्या थांबल्या. पत्रक वाचून दाखवताना मी स्पष्टच सांगितलं होतं, अपशब्द चालणार नाहीत. आमच्या गोलकीपरची आज्जी पहिल्या रांगेत होती. पंच म्हणून आलेली मुलगी कॉलेजातली, बारीक अंगाची, आवाज खणखणीत. तिनं आमच्याविरुद्ध फ्री-किक दिल्यावर आज्जीनं माझ्याकडं एकदा बघितलं, पदर सारखा केला आणि अतिशय मायेनं विचारलं, "ताई, सकाळधरनं जेवलीस न्हवं? न्हाई, भुकेनं डोळ्यापुढं अंधारी येतीया माणसाच्या." एकही अपशब्द नाही. मला नियमावर बोट ठेवायला जागा मिळेना. मग सगळ्या बाजूनं चौकशी सुरू झाली. कुणी डोळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला, कुणी "ताईंना सावलीत बसवा, दमल्यात" म्हणून खुर्ची मागवली. साध्या शिव्यांत इतका जाच नसतो. शिवी कानावरून जाते, चौकशी आत जाऊन बसते.

त्यात आमच्या संघाचा कोच मेहुण्याच्या साखरपुड्याला गेला. कागदावर कुणाचं तरी नाव हवं, म्हणून नानांनी माझं घातलं. माझा फुटबॉल शाळेतला. मी गोलकीपर होतो, चष्मा फुटेपर्यंत. बाकड्यावर बसायचं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, एवढंच काम होतं.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला आमच्या बचावातल्या पोरानं बॉक्समध्ये समोरच्याचा टीशर्ट धरून त्याला खाली बसवला. सरळसरळ पेनल्टी. ताईंनी शिट्टी मारली, बोट दाखवलं, आणि आमच्या अख्ख्या बाजूनं हंबरडा फोडला. मला वाटलं, हीच वेळ. मी बाकड्यावरून उठलो, चेहरा हसरा केला आणि एकटाच टाळ्या वाजवू लागलो.

आता माझा उजवा खांदा आखडलेला आहे. डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात. हात पटपट हलत नाही. त्यामुळं टाळी पडायची, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी टाळी. टप्प... टप्प... टप्प. वर ते हसू.

ताई पळत आल्या आणि पिवळं कार्ड दाखवलं. "सर, टोमणा मारल्यासारख्या टाळ्या वाजवायच्या नाहीत."

मला वाटलं, हा नियम तिनं आत्ताच काढला. पण घरी जाऊन बघितलं तर खरोखर आहे. 2019 पासून कोच-मॅनेजरांनाही कार्डं दाखवता येतात, आणि त्यांच्या गुन्ह्यांच्या यादीत उपहासाच्या टाळ्या शब्दशः नोंदवलेल्या आहेत. कुठल्या तरी देशात माझ्यासारखा खांदा असलेला माणूस आधीच होऊन गेला असणार.

या कार्डांची जन्मकथाही सिग्नलवरची आहे. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाच्या रॅटिनला पंचांनी बाहेर काढलं, तर तो जाईचना. पंच जर्मन, भाषा कळेना. पंचांची व्यवस्था बघणारे केन ॲस्टन नंतर लंडनमध्ये गाडी चालवत होते, समोर सिग्नल पिवळा होऊन लाल झाला आणि त्यांना कल्पना सुचली. 1970 ला मेक्सिकोत कार्डं आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड निघालंच नाही. विश्वचषकात ते पहिल्यांदा निघालं 1974 ला, चिलीच्या कासेलीसाठी. मला त्यासाठी एक हाफ पुरला. सिग्नल बघून आपल्याकडे कुणी काय करतं, हे त्या ॲस्टनसाहेबांना माहीत नसावं.

पेनल्टीवर गोल झाला. त्याच क्षणी आमच्या बाकड्यावरून एक बाटली भिरभिरत मैदानात गेली आणि ताईंच्या बुटापाशी पडली. मी वळून बघितलं तर राखीव खेळाडू ओळीनं बसून आकाशातल्या घारी बघत होते. सगळेच. एकाच दिशेला.

"बाटली कुणी टाकली?" ताईंनी विचारलं.

घारींवरून कुणाची नजर हटली नाही. टाकणारा सापडला नाही तर तिथं हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ कोचला शिक्षा, असा नियम आहे. वयानं म्हणाल तर त्या बाकड्यावर माझ्या खालोखाल ज्येष्ठ माणूस तेरा वर्षांचा होता.

मला बोलायचं होतं. खिशातलं पत्रक टोचत होतं: वाद घालू नये. तेवढ्यात आमचा कॅप्टन पुढं गेला. हात मागं बांधून, मान वर करून म्हणाला, "ताई, आमचे सर तसले न्हाईत. त्यांचा खांदा दुखतोय." ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली, "बरं झालं सांगितलंस" म्हणाल्या आणि मला दुसरं पिवळं, त्याच्यामागून लाल कार्ड दाखवलं.

मी मैदानाबाहेर चाललो तशी दोरी आपोआप वर झाली आणि माझा असा जयघोष झाला, की बँकेत निरोप समारंभालाही झाला नव्हता. आज्जीनं शेंगांची पुडी हातात दिली. गेल्या वर्षीचा तो झेंडेवाला पालक येऊन मिठी मारून गेला.

संध्याकाळी पंचांचा रिपोर्ट तालमीत आला. अक्षर मोत्यासारखं. खाली लिहिलेलं: 'शिस्तपालन समितीने योग्य ती कारवाई करावी.' नाना म्हणाले, "सर, नोटीस काढा." मी नोटीस काढली, अध्यक्ष म्हणून सही केली, पोचली म्हणून दुसरी सही केली. खुलासा लिहिला, वाचला, असमाधानकारक वाटला. एका सामन्याची बंदी आणि दोनशे रुपये दंड ठोकला, पैसे घेतले आणि पावती फाडली.

नानांनी पावती उलटसुलट करून बघितली. "दोनशे जरा जास्त हाईत, सर. समितीशी बोलून बघा की."

बोललो. ऐकायला तयार नाहीत.