मी नाही म्हणत, आयोडिन म्हणतंय

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीतले आप्पा टेल्कोच्या इन्स्पेक्शनमधून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. पण अजूनही कुठलीही वस्तू हातात आली की ते ती आधी उजेडात धरतात. पूर्वी गियर धरायचे, आता दूध.

चाकणकडून येणारा दूधवाला निकाल लागेपर्यंत दारातून हलत नाही. आप्पा उंच पेल्यात दूध ओततात, लॅक्टोमीटर सोडतात, चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचतात. दूध कोमट असलं की आकडा कमी येतो, म्हणून पेला गार होऊ द्यायचा. तोवर आत काकूंचा चहा कोराच उकळत असतो. "अहो, दूध देताय ना?" "थांब, सँपल आहे ते!"

एकदा आकडा घसरलाच. दूधवाला म्हणाला, "आप्पा, पावसाळा आहे, म्हशीनं पाणी जास्त पिलं." आप्पा म्हणाले, "मग म्हैस रिजेक्ट." आता तोच गडी खालच्या मजल्यावर ऐटीत सांगतो, "आप्पांकडून पास झालंय, बिनधास्त घ्या."

लॅक्टोमीटरवरही त्यांचा पुरता विश्वास नाही. पाणी घालून वर पावडर किंवा साखर मिसळली की तो फसतो, हे लिफ्टमध्ये सापडेल त्याला ऐकावं लागतं. म्हणून आयोडिन. उकळून गार केलेल्या दुधात दोन थेंब. निळं झालं तर स्टार्च. बाटली कायम शर्टाच्या खिशात, त्यामुळे एकही खिसा बिनडागाचा नाही. चिंचवडच्या एका लग्नात त्यांनी भर पंगतीत बासुंदीवर थेंब टाकला. ती निळी झाली, वधूपिता पांढरे पडले. आचारी धावत आला, "काका, दाटपणाला जरा कॉर्नफ्लॉवर लावलंय." "मी नाही म्हणत, आयोडिन म्हणतंय. तसं पाटीवर लिहा की!" असं म्हणून आप्पांनी दुसरी वाटी मागवली.

दिवाळीत खवा, पनीर आणि पाकिटांवरचे चौदा आकडी परवाना क्रमांक भिंगाखाली जातात. घरातले वैतागतात, सून माहेरचे लाडू लपवून ठेवते. पण आप्पांना स्वतःची मर्यादा पक्की माहीत आहे. "आपलं हे गेटवरचं इन्स्पेक्शन. इथे संशय येतो, निकाल प्रयोगशाळेचा." अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ४० त्यांना तोंडपाठ आहे: साधा गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल खोटा निघाला तर फी परत मिळते. एवढं आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक त्यांनी सोसायटीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलाय: १८००२२२३६५. उतरवून घ्या. आप्पा विचारतात.